पुरावा बादलीत आहे

बोरीवलीच्या कुमुदकुंज सोसायटीत शुक्रवारी सकाळी रत्नप्रभेने न्हाणीघरातल्या पिंपाचं झाकण उचललं आणि नवऱ्याला शांतपणे विचारलं, "यात अंघोळ करायची की म्हैस बांधायची?"

पिंपातल्या पाण्यावर अझोल्याचा हिरवा थर साचला होता. तिचा नवरा श्यामसुंदर परब खताच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत कामाला होता. पाण्यावर तरंगणारी ही वनस्पती त्याने तीन आठवड्यांपूर्वी मूठभर आणली. ती दर तीन दिवसांत दुप्पट होत होती.

"हवेतल्या नत्राचा अमोनिया करायला आमच्याकडे भट्टी धडधडते," तो म्हणाला. "हा गार पाण्यात बसल्या बसल्या करतो."

"तुमच्यासारखाच बसतो. फक्त हा काहीतरी करतो."

रविवारी धाकटा भाऊ गुणाजी कणकवलीहून येऊन अझोला नेणार होता. भातलावणी तोंडावर आली होती आणि गावात युरिया मिळत नव्हता, म्हणून त्याऐवजी हाच खाचरात सोडायचा होता. पिंप पुरेना, म्हणून श्यामसुंदरने त्याच दिवशी "रविवारपर्यंतच" म्हणत एकोणीस घरांत एकेक बादली भरून ठेवली. सोसायटीचे सेक्रेटरी मधुकर सामंतांनी अमोनियाचं ऐकून आठ्या घालतच आपली बादली घेतली.

शनिवारी फळ्यावर सूचना लागली: उद्या पाणी बंद, साठवून ठेवावे. संध्याकाळी नळाला चाळीस मिनिटं पाणी आलं. घरोघरी एकच विचार झाला, आपली एक बादली ओतली तर काय बिघडतं, बाकी अठरा घरांत आहेच. रत्नप्रभेनेही असाच विचार करून पिंप ओतलं.

रविवारी गुणाजी पत्र्याचा डबा घेऊन दारात उभा. "दादा, तुझो घरचो कारखानो खंय आसा?"

श्यामसुंदर दारोदार फिरला. सगळीकडे स्वच्छ पाणी आणि एकच प्रश्न, "का, बाकीच्यांकडे नाहीये?"

शेवटचं दार सामंतांचं. त्यांच्या बादलीवर ताट होतं, ताटावर वरवंटा.

"परब, हात लावू नका. पुरावा आहे. राहत्या इमारतीत विनापरवाना अमोनिया. विषय सोसायटीच्या येत्या सभेत ठेवलाय."

"भावाची लावणी अडलीय हो."

"आधी कबुलीजबाबावर सही करा."

श्यामसुंदरने सही केली. गुणाजीने साक्षीदार म्हणून केली. सामंतांनी ताट उचललं. अझोला काठोकाठ आला होता.

"अर्धा न्या," ते म्हणाले. "अर्ध्या पुराव्यावर भागेल."

गुणाजी डबा मांडीवर घेऊन संध्याकाळच्या एसटीने गेला.

सभा बारा दिवसांनी होती. तोवर पुरावा बादलीतून टबात आणि टबातून पिंपात पोचला होता, आणि सामंत "सभेपर्यंतच" म्हणत दारोदार रिकाम्या बादल्या मागत होते.