शुक्रवारचे साठ टक्के

सोमवारी सकाळी साडेसहाला सुरेशरावांनी सोसायटीच्या ग्रुपवर आठवड्याचं हवामान टाकलं आणि शाबासकीची वाट पाहत बसले. बुधवारपर्यंत कोरडं, कमाल बेचाळीस. पावसाची शक्यता गुरुवारी वीस टक्के, शुक्रवारी साठ, शनिवारी सत्तर. खाली आर्द्रता, वाऱ्याची दिशा आणि हवेचा दाब. डिंडोलीतल्या त्या चार मजली इमारतीत हवेचा दाब कोणाला हवा होता असं नाही. पण सुरेशराव मराठी शाळेत भूगोल शिकवत, आणि मे महिन्यात वर्ग नसल्यामुळे ज्ञान तुंबून राहायचं.

नऊ वाजता एकच उत्तर आलं, तिसऱ्या मजल्यावरच्या चंचलबेनचं, गुजरातीत. "सुरेशभाई, साठ टका एटले शुं? पापड नाखवाना के नहीं?"

सुरेशरावांनी शक्यता म्हणजे काय हे समजावणारा बारा ओळींचा मेसेज लिहिला. त्यावर चंचलबेननी जोडलेले हात पाठवले.

खरा घाव मंगळवारी बसला. सुरेशराव दूध घेऊन येत होते, तर तळमजल्यावर हिलालच्या दारात चार बायका उभ्या. हिलाल मूळचा धुळ्याकडचा, सचिन औद्योगिक वसाहतीतल्या कापडाच्या एका कारखान्यात लूम चालवणारा. त्या आठवड्यात त्याची रातपाळी होती, म्हणून दिवसा घरी. बनियनवर, चहाची बशी हातात.

"हिलालभाऊ, ज्वारीच्या बिबड्या कधी वाळत टाकू?" त्यांतल्या अनुसयाबाईंनी विचारलं.

हिलालने आभाळाकडे पाहिलं, चहाचा घोट घेतला. "बुधवारलोंग टाकी ल्या. शुक्रवारले पानी येई."

"तुमले कसं समजस पण?"

"धागावरथीन," हिलाल म्हणाला.

बायकांनी माना डोलावल्या आणि पांगल्या. बारा ओळी नाहीत, हवेचा दाब नाही. सुरेशरावांच्या हातातली दुधाची पिशवी उगाचच जड झाली.

"धागा!" घरात येऊन ते म्हणाले. "उद्या हा बॉबिनवरून भूकंप सांगेल!"

"पण सांगतो ते पटकन कळतं," त्यांच्या पत्नी सुधाताई म्हणाल्या. "तुमच्या टक्क्यांत मला काही उमगत नाही. मी तर गहू भिजत घातलेत. शुक्रवारी चीक शिजवायचा, कुरडया घालायच्या. आपल्या सायलीच्या सासरी न्यायच्यात, तिच्या सासूबाईंनी तोंडाने मागितल्यात."

बुधवारी गच्चीवर पाय ठेवायला जागा नव्हती. बिबड्या, पापड, वेफर्स. आणि बायकांच्या तोंडी एकच नाव. चंचलबेननी तर हिलालच्या घरी वाटीभर आंब्याचा रस पाठवला. सुरेशरावांना तीन वर्षांच्या सेवेत कोणी साधी कैरीही दिली नव्हती. त्यांनी जेवताना रस नाकारला. घरचा होता, तरी नाकारला.

गुरुवारी त्यांनी मोबाइल पाहिला. शुक्रवार: साठ टक्के. त्यांनी तो खालीवर करून पाहिला, खिडकीपाशी नेऊन पाहिला, साठच. म्हणजे हिलाल बरोबर ठरणार आणि कैऱ्याही त्यालाच जाणार. भूगोलाच्या शिक्षकाने आयुष्यात जे कधी केलं नव्हतं ते त्यांनी केलं. टक्के पुसले आणि ग्रुपवर लिहिलं: "शुक्रवार पूर्णपणे कोरडा राहील. अफवांवर विश्वास ठेवू नये."

"नक्की ना?" सुधाताईंनी विचारलं. "नाहीतर चीक फ्रिजमध्ये ठेवते."

"तुझा माझ्यावर विश्वास आहे की धाग्यावर?"

लग्नाला सत्तावीस वर्षं झालेली बाई या प्रश्नाला काय उत्तर देणार? तिने पहाटे उठून चीक शिजवला.

शुक्रवारी गच्चीवर सुधाताई एकट्याच होत्या. तीन जुन्या साड्या अंथरून त्यांनी ऐसपैस कुरडया घातल्या. सुरेशराव शेजारी खुर्ची टाकून बसले. छत्री आणली नव्हती. छत्री म्हणजे कबुली झाली असती.

तीन वाजता नैर्ऋत्येला आभाळ शाईसारखं झालं.

"अहो, उचलू या का?"

"सुटे ढग आहेत."

"अहो, गडगडतंय."

"लांब आहे. गडगडाट आणि विजेतलं अंतर मोजायचं असतं," म्हणून ते मोजायला लागले. तीनपर्यंत पोचले आणि वावटळ गच्चीवर चढली. धूळ, प्लास्टिकच्या पिशव्या, कोणाचा तरी टॉवेल, आणि मग सुधाताईंची जांभळी साडी, ओल्या कुरडयांसकट. ती उठली, पाण्याच्या टाकीवरून फिरली आणि खाली उतरली ती नेमकी हिलालच्या दारापुढे. दुसरीवर सुरेशराव स्वतः आडवे झाले. तेवढ्यात टपोरे थेंब सुरू झाले.

जिन्यातून धावत पहिला वर आला तो हिलाल. मागून त्याची बायको प्रमिलाबाई परात घेऊन. "ताई, पदर धरा! साहेब, तुम्ही उठा आधी, लगदा व्हतोय!"

दीड साडी वाचली. सुरेशरावांच्या शर्टावर अकरा कुरडया होत्या. त्या सुधाताईंनी एकेक मोजत सोडवल्या.

शनिवारीही पाऊस झाला. रविवारी सुरेशराव मनाचा हिय्या करून खाली गेले.

"हिलालभाऊ, मी हरलो. पण धाग्यावरून शुक्रवार कसा कळतो, तेवढं सांगा."

हिलालने दार लोटून घेतलं. "साहेब, तुमच्यापासून काय लपवू? हवा कोरडी असली की धागा चिकटतो, तुटतो. पण ते आजचं. शुक्रवारचं धागा कुठून सांगंल?"

"मग?"

"तुमचा सोमवारचा मेसेज. पन्नासच्या वर असलं की पानी येई सांगतो, खाली असलं की टाका सांगतो. बायांना टक्के कळत नाहीत. आणि मेसेजमधून सांगतो म्हटलं तर कोण विचारतंय? म्हणून धागा."

सुरेशराव वेताच्या मोढ्यावर बसले. "पण गुरुवारी तर मी कोरडं लिहिलं होतं."

"मला वाटलं, घाईत चुकलं असंल. मास्तर माणूस खोटं कशाला लिहील? मी सोमवारचाच धरला." हिलाल हसला. "तुमचा सोमवारचा आजलोंग चुकला नाही, साहेब."

हे चार लोकांत सांगावं असं सुरेशरावांना फार वाटलं. पण सोमवारचं श्रेय मागायला गेलं की गुरुवार उघडा पडत होता. ते जिना चढून वर आले.

सोमवारी साडेसहाला त्यांनी हवामान टाकलं. मंगळवार दहा टक्के, बुधवार पाच. सुधाताईंनी पुन्हा गहू भिजवायला काढले होते.

"काय म्हणतंय तुमचं?" त्यांनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"गुरुवारपर्यंत कोरडं."

"बरं. तरी खाली जाऊन हिलालभाऊंना एकदा विचारून या."

सुरेशरावांनी चपला घातल्या. जिना उतरताना त्यांच्या लक्षात आलं, हिलालने अजून मेसेज पाहिलाही नसेल. ते दोन पायऱ्या उतरून थांबले, आणि त्याला फोन लावला: "हिलालभाऊ, आधी मेसेज वाचून ठेवा, मी विचारायला येतोय."