रुमाल टाकलेली जागा

वामननाना गोष्ट सुरू करायच्या आधी घंटीला दोन टोले देतात. एकच टोला पडला तर गोष्ट जागची हलत नाही. दोन टोले पडले की मग कोल्हा निघतो, राजा निघतो, म्हातारी निघते, आणि चाळीस पोरं सतरंजीवर बसल्या बसल्या उजवीकडे झुकतात. उजवीकडे का? तर गाडी डेपोतून बाहेर पडताना डावीकडे वळते म्हणून.

आमच्या अमळनेरातल्या या बालवाडीचं नाव ‘ग्लोबल कळ्या’. ग्लोबल यासाठी, की तीन मुलं पारोळ्याहून व्हॅनने येतात. मी या संस्थेचा चिटणीस आहे. म्हणजे निर्णय बाकीचे घेतात आणि पत्राखाली सही माझी असते. शाळेचा दर्जा फार मोठा. एप्रिलात, पारा चव्वेचाळीसला टेकलेला असताना, आम्ही चार-चार वर्षांच्या लेकरांना काळे झगे आणि चौकोनी टोप्या घालून पदवीदान करतो. एखाद्या पदवीधराला घेरी येते, एखादा स्टेजवरच शू करतो, आणि पालक ते सगळं डोळ्यांत पाणी आणून मोबाइलमध्ये टिपतात.

वाचनाचंही आम्हाला फार प्रेम. शाळेत काचेचं कपाट आहे, त्यात तीनशे गोष्टींची पुस्तकं आहेत आणि कपाटाला कुलूप आहे. मुलं पुस्तकं फाडतात ना! मुलांनी ती बाहेरून बघावीत आणि वाचनाची गोडी लावून घ्यावी, अशी योजना होती.

नानांना आम्ही घेतलं ते फाटकावर. एसटीत कंडक्टर म्हणून सगळा जन्म गेलेला. शिंदखेडा, शिरपूर, चोपडा, सगळे रस्ते पायाखालचे, म्हणजे चाकाखालचे. निवृत्त झाले तरी अंगातला खाकी शर्ट उतरला नाही आणि तिकिटाला भोक पाडायचा जुना चिमटा खिशातून गेला नाही. एसटीत तिकिटाची मशीनं आली तेव्हा म्हणे सगळ्यांचे चिमटे गेले, नानांचा तेवढा राहिला. “त्यानी सवय शे हाताले,” एवढंच ते आपल्या अहिराणीत सांगतात. बोलता बोलता खिशातला हात टकटक करत असतो. समोरच्या माणसाला वाटतं, म्हातारा आपल्यालाच भोक पाडतो की काय.

एके दिवशी बाई रजेवर होत्या. चाळीस पोरांनी छप्पर डोक्यावर घेतलं होतं. नाना फाटक सोडून आत आले, शिट्टी मारली आणि ओरडले, “मांगे सरका भो, मांगे जागा शे!”

पोरं मागे सरकली. का सरकली, कुणालाच कळलं नाही. नानांनी त्यांना दोन-दोन करून बसवलं, मध्ये जायला-यायला वाट ठेवली, कपाटाची किल्ली बाईंच्या टेबलातून काढली, एक पुस्तक उघडलं आणि गाडी सोडली. ती आजतागायत धावते आहे. शेवटचा तास नानांचा.

गाडीचे नियम असे. मधल्या सुट्टीनंतर जागेसाठी जी झुंबड उडते ती पाहून एसटी स्टँडनेही लाजावं. पोरं खिडकीतून हात घालून सतरंजीवर रुमाल टाकतात. ज्याचा रुमाल त्याची जागा. एका पोराकडे रुमाल नव्हता, त्याने चड्डी टाकली. नानांनी ती जागाही मानली.

गोष्ट ऐन रंगात आली की नाना पुस्तक मिटतात. “थांबा शे. धा मिनिट चहा-पानी.” तेवढ्यात पोरांनी सांगायचं, पुढे काय होणार. कुणाला गोष्ट पसंत नसेल तर त्याने घंटीची दोरी ओढायची. टण्ण, एक टोला.

“नाना, माले उतरनं शे.”

“काबरं?”

“कोल्हा येडा शे.”

“मंग तू चालाव गाडी.”

की ते पोरगं उभं राहून पुढची गोष्ट आपल्या मनाने सांगतं. एकदा एका पोरीने विहिरीत पडलेल्या राजाला जेसीबीने बाहेर काढलं. नानांना ते पुस्तकापेक्षा बरं वाटलं.

पुस्तक वाचून झालं की त्याच्या कोपऱ्याला चिमट्याने भोक. एका वाचनाला एक भोक. आमच्या संचालिका मॅडम जळगावच्या. बालशिक्षणाच्या इतक्या कार्यशाळा केलेल्या, की प्रमाणपत्रांमुळे भिंतीचा रंग दिसत नाही. त्यांनी ती पुस्तकं पाहिली आणि खुर्चीवर बसल्या. “सर, उंदीर लागलेत.” मी म्हटलं, “मॅडम, नाना लागलेत.” नानांना बोलावलं. ते कपाटातलं एक कोरं करकरीत पुस्तक उचलून म्हणाले, “मॅडम, याले भोक नही. या गाडीत आजून कोनी बठेलच नही.”

इथपर्यंत ठीक होतं. खरं भांडण पेटलं ते भाड्यावरून.

फुकट प्रवास नानांना मान्य नाही. तेव्हा चढताना प्रत्येकाने एक थाप द्यायची. “सुट्टी थाप काढा, मोठी नको.” आणि थाप अशी हवी, की ती कुणालाही खरी वाटता कामा नये. “पटनी तर ती थाप नही, ते खोटं बोलनं शे,” हा नानांचा कायदा. आमची म्हैस सायकल चालवते, ही थाप. मी डबा संपवला, हे खोटं बोलणं. पहिल्याला तिकीट, दुसऱ्याला खाली उतरवणार.

पोरं घरी जाऊन सराव करू लागली. एका प्रतिष्ठित घरात पाहुण्यांसमोर नातीने सांगितलं, की आजी रोज सकाळी एक अंडं देते. घर कडक शाकाहारी. दुसरा एक पठ्ठ्या आईबरोबर धुळ्याच्या खऱ्या एसटीत बसला. कंडक्टर आला. आई पर्समध्ये पैसे शोधते आहे, तोवर चिरंजीवांनी भाडं चुकतं केलं: “आमनी म्हैस सायकल चालाडस.” कंडक्टर म्हणाला, “मंग म्हशीनं फुल आनी तुनं हाफ.” गाडीभर हशा. आई मात्र सोमवारी थेट शाळेत.

पालकांची सभा झाली. मुलं खोटं बोलतात, अहिराणी बोलतात आणि, एका बाबांच्या शब्दांत, “प्रश्न विचारतात हो!” मॅडमनी उपाय तयारच ठेवला होता. त्या तासाला मोठा स्क्रीन लावायचा, त्यावर गोष्टी आपोआप चालतील, आणि नाना पुन्हा फाटकावर. ठराव एकमताने झाला. एकमत म्हणजे मीही हात वर केला. पत्र टाइप झालं. खाली सही कुणाची, हे सांगायला नको.

शुक्रवारी शेवटच्या तासाला मी ते पत्र खिशात घालून वर्गाच्या दारात उभा राहिलो. गाडी भरलेली. एकच जागा रिकामी होती, पुढची, खिडकीकडची. तिच्यावर पिवळा रुमाल होता, कोपऱ्यात बदक काढलेला. मी वाकून बसणार, एवढ्यात चाळीस गळे ओरडले:

“ती राखीव शे!”

“कोणाची?”

“पिहूनी!”

पटावर पिहू नावाची मुलगीच नाही. पट माझ्याच सहीने जातो, म्हणून मला ठाऊक. मी नानांकडे पाहिलं. नाना पुस्तकाची पानं उगाच सारखी करत होते.

“नात शे मनी. पुन्याले ऱ्हास. दिवाईमा उन्ती, एक दिवस बठनी आठे. जाताना म्हनी, नाना, मी येस तोवर जागा धर.”

“कोणत्या दिवाळीत आली होती?”

नानांनी हिशेब केला नाही. मीच त्या विटलेल्या रुमालावरून मनात केला. ती दिवाळी होऊन तीन वर्षं झाली असावीत. पिहू आता दुसरीत असेल. या गाडीत तिचे गुडघेही मावणार नाहीत.

मी पत्र पुढे केलं. यापेक्षा वाईट वेळ शोधूनही सापडली नसती. पण अशा वेळा साधण्यात चिटणीस लोक पटाईत असतात. नानांनी चष्मा लावून पत्र पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत वाचलं. मग खिशातून चिमटा काढला आणि पत्राच्या कोपऱ्याला भोक पाडलं. टक्क.

“वाची झायं,” म्हणाले, आणि पत्र मला परत दिलं.

मग हळू आवाजात, पोरांना ऐकू जाणार नाही असं, “गाडी बंद करा भाऊ, हरकत नही. फाटक बी चांगलं शे. पन मंग तिनी जागा कोठे धरू?”

नानांनी तो पिवळा रुमाल उचलला, झटकला, चार घड्या करून वरच्या खिशात ठेवला आणि रिकाम्या जागेवर हात फिरवला.

“बसा. आज शेवटनी फेरी शे. भाडं काढा.”

मी बसलो. पोरं माझ्याकडे टक लावून पाहत होती. मी घसा साफ करून म्हटलं, “सोमवारी गाडी सुटणार आहे.”

नानांनी मान हलवली. “हाई चालाव नही भाऊ. पोरेसले पटी जाई. दुसरी काढा.”

मी विचार केला. “या संस्थेत माझ्या शब्दाला किंमत आहे.”

पोरांना काही कळलं नाही. नाना मात्र असे हसले, की चष्मा नाकावरून घसरला. “हाई झकास शे!” त्यांनी चिमटा वाजवला, दोरी ओढली, दोन टोले पडले, आणि मी चाळीस पोरांबरोबर उजवीकडे झुकलो.

शाळा सुटल्यावर तसाच मॅडमच्या खोलीत गेलो आणि पत्र टेबलावर ठेवलं. “दिलं का सर?” “दिलं. पण त्याला भोक पडलंय. एकदा भोक पडलेल्या तिकिटावर दुसऱ्यांदा प्रवास होत नाही. नवीन पत्र काढायचं तर काढा, त्याच्यावर सही मात्र तुमची लागेल.” मॅडमनी हातातलं पेन टोपण लावून बाजूला ठेवलं. सही करणं हे किती जोखमीचं काम आहे, ते त्यांना प्रथमच समजलं असावं. स्क्रीन आला, तो ऑफिसात लागला. त्यावर हल्ली पदवीदानाचे फोटो आपोआप चालतात.

सोमवारी मी मुद्दाम मधल्या सुट्टीत गेलो. वर्ग रिकामा होता. झुंबड उडायला अजून पाच मिनिटं होती. नाना एकटेच गुडघ्यांवर बसून पुढच्या जागेवर पिवळा रुमाल पसरत होते. बदक वर येईल असा.

“काय नाना, येणार का या दिवाळीला पिहू?”

“येई ना भो,” ते वर न बघता म्हणाले. “येई ती.”

त्यांच्याच कायद्याने ही थाप चालली नसती. नानांना ती पटलेली होती. पण तिकीट तपासायचं काम माझं नाही. मी दाराशी उभा राहिलो. बाहेरून खिडकीत चाळीस हात घुसले आणि त्या एका रुमालाला धक्का न लावता त्याच्याभोवती रुमाल पडू लागले.