बेडकांचे जंत आणि आईचं तिकीट

आईला अमेरिकेत आणायची माझी योजना इतकी बिनतोड होती की ती फसणं शक्यच नव्हतं!

माझ्या लेकीच्या, केयाच्या जन्मापासून आई साताऱ्याहून एकच वाक्य ऐकवत होती, "तिथं माझं काय काम?" इकडे श्रूजबरीत पोरगी जरा तापली की मी एका हातात थर्मामीटर आणि दुसऱ्या हातात फोन धरून बसायचे. फोनमधून सल्ला येतो हो, मांडी येत नाही. "तू जरा पड, मी बघते," असं म्हणणारं माणूस मला हवं होतं.

मग ठरवलं, आईसाठी काम निर्माण करायचं!

"आई, केया झोपेत दात खाते गं," व्हिडिओ कॉलवर मी शक्य तितका हताश चेहरा केला.

"जंत!" आईने तिथल्या तिथे निकाल दिला. मला तर विमानच दिसायला लागलं! "बाहेरून काही घाण येते का घरात?"

इथे केयाने तोंड घातलं. "आजी, बाबा हॅज वर्म्स! इन हिज टोड्स!"

तर माझा नवरा अंकुर युनिव्हर्सिटीत संशोधक आहे. दक्षिण अमेरिकेतल्या खरखरीत, जाडजूड बेडकांच्या फुप्फुसात राहणाऱ्या जंतांवर त्याचं काम चालतं. इतरांचे नवरे क्लाउडवर काम करतात, माझा बेडकाच्या छातीत.

"म्हणजे जावईबापू जंत घरी आणतात?" आई किंचाळली.

"आई, ते माणसांना होत नाहीत!" अंकुर आतून ओरडला.

"त्या बेडकांनाही आधी असंच सांगितलं असेल!"

दुसऱ्या दिवशी केयाने प्रीस्कूलमध्ये जाहीर केलं की बाबांकडे ब्राझीलचे जंत आहेत, आपल्यालाही झालेत आणि हे खुद्द आजीने सांगितलंय. दुपारी शाळेचा फोन! अंकुर लॅपटॉप घेऊन घाबरून जमलेल्या आयांना समजवायला गेला. माणूस हुशार, पण स्वतःचा विषय निघाला की समोर कोण बसलंय ते त्याला दिसत नाही.

"यातली सगळ्यात सुंदर गोष्ट म्हणजे," तो हरखून सांगू लागला, "यांची पिल्लं ओल्या मातीत दबा धरून बसतात आणि थेट कातडीतून आत शिरतात!"

उतू जाणाऱ्या दुधाकडे धावावं तशा सगळ्या आया बाहेर वाळूत खेळणाऱ्या पोरांकडे धावल्या. "पण फक्त बेडकांच्या!" हे पुढचं वाक्य रिकाम्या खुर्च्यांनी ऐकलं.

संध्याकाळी शेजारच्या कांचनचा फोन. "यामिनी यार, आमचा पीडियाट्रिशियन नुसता हसला. तुझ्या आईंचा नंबर दे ना!"

दिला. कांचनने तो दीपाला दिला, दीपाने इथल्या मराठी आयांच्या अख्ख्या ग्रुपवर टाकला. आईने साताऱ्यात बसून श्रूजबरीतल्या झाडून सगळ्या मराठी पोरांना जंतांवर वावडिंगाचं पाणी सुरू केलं. इंडियन स्टोअरमधलं वावडिंग संपलं!

"आई, मग तिकीट बघू?" मी विचारलं.

"कसलं तिकीट? इथूनच सगळं होतंय की! केयाचे दात काय म्हणतात?"

आता आली का पंचाईत! दात खाणं थांबलं म्हणावं तर आईचं काम संपलं. खातेच आहे म्हणावं तर पोरीला आणखी काढे. केया वावडिंगाच्या कपाला तोंड न लावता माझ्याकडे टुकूटुकू बघत होती.

"थांबलं दात खाणं," मी म्हणाले.

"बघ! मग मी येऊन काय करू?"

"काही करू नकोस." मी केयाचा कप बाजूला सारला. "नुसती ये. मला हवी आहेस तू."

  आईने चष्मा काढून पदराने पुसला. "यामू..." ती म्हणाली, आणि तिच्या फोनवर टुंग टुंग वाजलं.

"एक मिनिट हं बाळा, कांचनचा नील पाणी थुंकतोय. धर हं, ठेवू नकोस!"

धरलाय. हे सगळं लिहून झालं, तरी धरूनच बसलेय!