निष्कर्षावर दोन्ही पक्षांची सही

आमच्या तालुक्यात तुलनात्मक निबंध लिहायचा असेल, तर ज्या दोन वस्तूंची तुलना करायची त्या तुलना कार्यालयात हजर कराव्या लागतात आणि निष्कर्षावर दोघींची सही घ्यावी लागते. जी वस्तू कमी ठरेल ती कार्यालयात जमा होते. त्यामुळे गेल्या एकतीस वर्षांत तालुक्यातल्या प्रत्येक निबंधाचं शेवटचं वाक्य एकच आहे: ‘दोन्ही आपापल्या जागी श्रेष्ठ आहेत.’

मी कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवतो. पहिल्याच वर्षी हे वाक्य मला एकशे बारा वह्यांत सापडलं. बैल आणि ट्रॅक्टर आपापल्या जागी श्रेष्ठ होते. पत्र आणि फोनही. एकाने ताप आणि खोकल्याची तुलना केली होती, तेही श्रेष्ठ. शेवटी मी वर्गात म्हणालो, “तुलना करून काही ठरवायचंच नसेल, तर तुलना करता कशाला? दोन वस्तू शेजारी ठेवा आणि घरी जा.”

बाकीच्यांनी खिडकीबाहेर बघितलं. शलाका निमसेने ते वाक्य वहीत उतरवून घेतलं.

शलाकाचं नाव शहरातल्या पत्रकारितेच्या कॉलेजच्या यादीत शेवटचं होतं. शुक्रवारी पाचच्या आत मंजूर तुलनात्मक निबंध दाखल केला नाही, तर जागा दुसऱ्या कुणाला तरी जाणार होती. तिची आई खानावळ चालवते, रोज साठ माणसं जेवतात. शलाकाने विषय घेतला, ‘पाटा-वरवंटा आणि मिक्सर’.

तिचा पहिला खर्डा पाहून मी डोकं धरलं. चार परिच्छेद पाट्याचं कौतुक, चार परिच्छेद मिक्सरचं. “हे दोन निबंध आहेत,” मी म्हणालो, “एका टाचणीने जोडलेले. पाट्याची चव सांगितलीस, तर मिक्सरचीही चवच सांग. मिक्सरचा वेग सांगितलास, तर पाट्याचाही सांग. निकष एकच धर.”

“पाट्याला वेगाचं विचारलं तर तो चिडेल, सर.”

“चिडू दे.”

शुक्रवारी दोन वाजता आम्ही तुलना कार्यालयात पोचलो. कार्यालय पहिल्या मजल्यावर आहे. पाटा मी आणि शलाकाने उचलला, वरवंटा तिच्या दप्तरात होता, मिक्सर रिक्षावाल्याने आणून ठेवला. पाटा प्रत्येक पायरीवर म्हणत होता, “सावकाश रे. परवाच पाथरवटाने टाकी लावलीय मला.”

टेबलामागे तुलना लिपिक उद्धव टेकाळे बसले होते. त्यांनी चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं. “हे किती?”

“दोन,” मी म्हणालो.

“मला तीन दिसतात. पाटा एक, वरवंटा दोन, मिक्सर तीन. फॉर्मला रकाने दोनच आहेत, मास्तर.”

“अहो, पाटा-वरवंटा एकच गोष्ट आहे.”

“मग वेगवेगळे उचलून का आणलेत?”

यावर अर्धा तास गेला. अखेर टेकाळेंनी संयुक्त पक्षाची तरतूद शोधून काढली. त्यात कुणाही एकाची सही दोघांना लागू होते, मात्र नात्याचा पुरावा लागतो.

“बावीस वर्षं एकमेकांना घासतोय,” पाटा म्हणाला. “आणखी काय पुरावा देऊ?”

टेकाळे जरा विचारात पडले. “आमच्या घरीही असंच आहे,” असं म्हणून त्यांनी तरतूद लागू केली.

मिक्सरचं वेगळं होतं. बोलण्यासाठी त्याला प्लग लागायचा, आणि तीन नंबरवर बोलला की कुणाला काही कळायचं नाही. दोन मिनिटं बोलला की तापायचा आणि पाच मिनिटं थांबावं लागायचं. मी तेवढा वेळ घड्याळाकडे बघत उभा राहायचो.

“आधी साम्यं,” टेकाळे म्हणाले. “किमान तीन. दोन्ही पक्षांना मान्य असलेली.”

दोघंही वाटतात, हे पहिलं. दोघांनाही वाटून झाल्यावर धुवावं लागतं, हे दुसरं. तिसऱ्यावर गाडी अडली ती चाळीस मिनिटं. पाट्याच्या मते मिक्सरशी त्याचं एवढंच साम्य पुष्कळ होतं. शेवटी मिक्सर एक नंबरवर, हळू आवाजात म्हणाला, “आम्हा दोघांनाही शलाकाची आईच वापरते.”

“हे कबूल,” पाटा म्हणाला.

मग भेद. वेगात मिक्सर, आवाजात पाटा, चवीत पाटा. चवीच्या वेळी मिक्सरने आक्षेप नोंदवला, तो तापून बंद पडेपर्यंत नोंदवत राहिला, आणि शलाकाने त्याच्यासमोर शांतपणे लिहिलं: ‘चटणी पाट्यावरचीच चांगली होते. मिक्सरमध्ये खोबरं गरम होतं आणि चव पळते.’

चार वाजून वीस मिनिटं झाली होती. टेकाळेंनी डबा पिशवीत भरला. “आता लिहा, दोन्ही आपापल्या जागी श्रेष्ठ, आणि सुटा. पाच मिनिटांत शिक्का मारतो.”

शलाकाने माझ्याकडे पाहिलं.

“खरं काय ते लिही,” मी म्हणालो.

“सर, पाटा तुमचा नाहीये.”

टेकाळे म्हणाले, “पोरीचं बरोबर आहे,” आणि मला पहिल्यांदाच खुर्ची दिली.

शलाका पेन हातात धरून बसली होती. तिने पाट्यावरून एकदा हात फिरवला. मग वाकून एका दमात लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं: “पाट्यावरच्या चटणीची चव माझ्या आईच्या उजव्या खांद्यातून येते. तो खांदा आता वर उचलत नाही. सकाळी तिची वेणी मी घालते. चव हा निकष जेवणाऱ्यांचा आहे. खांदा हा निकष धरला, तर मिक्सर श्रेष्ठ आहे.”

“मी सही करणार नाही,” पाटा म्हणाला.

“मीही नाही,” मिक्सर तीन नंबरवर ओरडला. “चवीत हरवून वर जिंकलास म्हणता? असलं जिंकणं मला नको!”

मी टेबलावर हात आपटला. “अरे, जिंकलायस तू! तालुक्यात एकतीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी जिंकलंय!”

“मास्तर, पक्षांवर दबाव आणता येत नाही,” टेकाळे म्हणाले आणि तशी नोंद केली.

तेव्हा वरवंटा बोलला. दुपारपासून त्याने तोंड उघडलं नव्हतं. “खांदा दुखतो तेव्हा सगळ्यात आधी मला कळतं. तिचे दोन्ही हात माझ्यावर असतात.” एवढं बोलून तो शाईच्या पॅडवरून एकदा फिरला आणि निष्कर्षाखाली आडवा लोळला. निळा पट्टा उमटला.

“मला विचारायचं तरी,” पाटा हळूच म्हणाला. पण सही दोघांना लागू होती.

शलाका मिक्सरकडे वळली. “उद्यापासून तू एकटा आहेस. साठ माणसं आहेत. रुसायला वेळ नाही. कर सही.”

मिक्सर एक नंबरवर जरासा फिरला आणि बुडाचा रबरी पाय पुढे केला.

चार पन्नास. टेकाळे उठले आणि म्हणाले की जमा पावतीशिवाय शिक्का मारता येत नाही, आणि जमा खोलीची किल्ली कुठे आहे ते कुणालाच माहीत नाही, कारण आजवर काही जमाच झालेलं नाही. मी चार कपाटं उपसली. किल्ली त्यांच्याच कमरेच्या जुडग्यात निघाली. खोलीत भिंतभर रिकाम्या फळ्या होत्या. सर्वांत खालच्या फळीवर आम्ही पाटा ठेवला, वर वरवंटा. चार अठ्ठावन्नला निबंधावर शिक्का पडला आणि टेकाळेंनी तो फोनवरून शहरात पाठवला. तिकडून पोच आली.

शलाका जमा खोलीच्या दारात उभी होती.

“भेटायला येता येतं का?”

टेकाळेंनी नियमावली उघडली. “शनिवारी, अकरा ते एक. येताना ओलं खोबरं आणायचं. मिरच्या आणि मीठ कार्यालयाचं.”

“वाटायचं कुणी?”

“अभ्यागताने,” ते म्हणाले. मग नियमावली जरा जवळ धरून पुढची ओळ वाचली. “सोबत आलेल्या शिक्षकाने, असंही चालतं.”

शलाकाने वेळ पावतीच्या मागे लिहून घेतली. मी शर्टाच्या बाह्या वर सारल्या आणि मिक्सर उचलला.