आठ माइक, एक धुरा

सुगत मेश्रामला या सगळ्यातून मिळवायचं होतं ते एवढंच: नागपूरच्या ऑडिओ प्रदर्शनात एक थंडगार, अंधारी खोली, तिच्या दारावर स्वतःच्या नावाची पाटी, आणि लग्नाच्या वरातींपासून कायमची सुटका. तिसरी बाब सगळ्यात मोठी होती. एकोडीत आणि आसपासच्या गावांत चौदा वर्षं त्यानं नवरदेवाच्या घोडीपुढं असले काही बॉक्स वाजवले होते की, आता त्याच्याशी बोलताना माणसं आपसूकच ओरडत. बायकोही. "चहा घेता का?" असं रीनानं घरात विचारलं की शेजारची दोन घरं हो म्हणत. खर्चाच्या बाजूला सुगतनं काहीच मांडलं नव्हतं. स्वप्न पाहणाऱ्याच्या वहीला ती बाजू नसतेच.

खोली देणार होती स्पीकर बनवणारी एक कंपनी. अट एकच. कंपनीच्या कामिनी मॅडम आधी गावात येऊन सगळं ऐकणार, पसंत पडलं तर खोली, नाही तर पुन्हा घोडी. ऐकवायचं होतं सराउंड साउंड, आणि तेही हाय-रिझोल्यूशन. म्हणजे ऐकणाऱ्याच्या चारी बाजूंनी आठ स्पीकर, आणि आवाज इतका स्वच्छ की डोळे मिटले तरी माशी कोणत्या कानाशी आली ते कळावं. बाकीचे लोक अशा ठिकाणी हेलिकॉप्टर नाही तर बॉम्बगोळे वाजवतात. सुगतनं ठरवलं, आपण रोवणी, म्हणजे धानाची लावणी, वाजवायची.

"रोवनी?" रीना म्हणाली. "थे आयकाले कोन येईन? लोकं रोवनीपासून पळूनच तर नागपूरले गेले ना!"

"म्हनूनच येतीन," सुगत म्हणाला. तो तेव्हा आढ्याकडे पाहत होता. अलीकडे त्याची बरीचशी उत्तरं आढ्याला उद्देशून असत.

जुलैत त्यानं धानाच्या शेतात आठ काठ्या रोवल्या आणि आठ काठ्यांवर आठ माइक बांधले. मधली बांधी, धानाचा तो चौकोनी वाफा, त्याच्या काकाची, बाबूलालची. डावीकडची शकुनबाईची. उजवीकडे मागची, जरा सखल, ती सुगतच्या वडलांची, हिरालालची. दोघा भावांच्या वाटण्या झाल्यापासून त्या दोन बांध्यांमध्ये हातभर रुंदीचा मातीचा बांध होता, तोच धुरा. त्या आठवड्यात पावसानं ओढ दिली होती, आणि पाणी होतं ते धुऱ्याच्या वरच्या बाजूला, बाबूलालकडे. सुगतनं यंत्र सुरू केलं, बापाला "बाबा, आज बांधीकडे येऊ नोका" असं बजावलं आणि यंत्र तसंच चालू ठेवून तो दुपारच्या जेवणाला रोवणाऱ्या बायांबरोबर दूर मोहाच्या झाडाखाली जाऊन बसला.

घरी येऊन त्यानं कानाला हेडफोन लावले आणि तो हरवला. चिखलातून पाय निघतानाचा तो ओला, लाडका आवाज. धानाची रोपं रोवताना बांगड्यांची किणकिण, एकदा या कानाशी, एकदा त्या. मागे कुठं तरी बगळा उठला, तर त्याच्या पंखांखालची हवासुद्धा मानेवरून गेली. मग बाया जेवायला गेल्या, शेत रिकामं झालं. आणि सतराव्या मिनिटाला, उजव्या बाजूला मागं, खच्‌ खच्‌ असा हलकासा आवाज झाला आणि पाणी वाहू लागलं. मधून निघालं आणि ऐकणाऱ्याच्या पाठीला वळसा घालून उजवीकडे मागं चाललं. झुळझुळही नाही, खळखळही नाही. झोपलेल्या लेकराच्या श्वासासारखं काहीतरी. सुगतच्या डोळ्यांत पाणी आलं. शेतातलं ते पाणी कुठून आलं, कुठं गेलं, खच्‌ कशाचं झालं, असला रोकडा प्रश्न त्याला पडला नाही. स्वप्नात कोणी पावती मागत नाही.

तालमीसाठी जागा मिळाली ती गावातलं धानाचं गोदाम. सप्टेंबरात ते रिकामंच असतं. पण रिकाम्या गोदामात साधं खोकलं तरी चार जण खोकल्यासारखं वाटे. घुमारा मारायला भिंतींना जाड कापडं हवीत. रीना घरोघर फिरली आणि तिनं तीस घरांतून गोधड्या आणल्या. आता ज्यांच्या गोधड्या त्यांना ऐकण्याचा हक्क आलाच. गुरुवारी दुपारी तीस घरं आपापल्या खुर्च्या घेऊन हजर झाली.

पहिली पाच मिनिटं कोणी हललं नाही. डोळे मिटले, माना एका बाजूला कलल्या. मग शकुनबाई डोळे मिटलेलेच ठेवून उठली, खुर्ची उचलली आणि डाव्या स्पीकरकडे जाऊन बसली.

"मावशी, कोठी चालली?" सुगतनं विचारलं.

"माह्या बांधीत. दुसऱ्याच्या बांधीत बसून काय करू?"

झालं. सगळं गोदाम उठलं आणि आपापल्या जमिनीवर जाऊन बसलं. बाबूलालकाका बरोबर मधे आला, जिथून सगळ्यात उत्तम ऐकू येतं त्या एकमेव जागी. हिरालाल उजवीकडे मागं बसला. ज्यांची शेतं माइकच्या टप्प्यात नव्हती ते दाराबाहेर उभे राहिले, आणि त्यात त्यांना काही गैर वाटलं नाही. पाठोपाठ भांडण लागलं.

"खुर्ची मांगं घे गा, माह्या धुऱ्यावर आली!"

"मोजून घे! तुह्याच बांधीचा कोपरा वाकडा हाये!"

बाराव्या मिनिटाला लाइन गेली, म्हणून प्रकरण मोजणीपर्यंत गेलं नाही. सतरावं मिनिट अर्थातच कोणी ऐकलं नाही.

शुक्रवारी कामिनी मॅडम आल्या. बारीक चणीच्या, कमी बोलणाऱ्या. कंपनीत त्यांच्या "हं"वर लोकांच्या बदल्या होत, असं म्हणतात. गोदामात पाऊल टाकताच त्यांनी गोधड्या पाहिल्या, मग खुर्च्या पाहिल्या.

"ही बसायची व्यवस्था कोणी केली?"

"तलाठ्यानं," शकुनबाई म्हणाली.

"मला मधली जागा लागेल."

बाबूलाल उठला नाही. "बसा ना, मॅडम. पाहुण्या म्हनून बसा. बांधी माही हाये." मग त्यांची खुर्ची त्याच्या खुर्चीला चिकटवून मांडण्यात आली. सुगतनं बटण दाबलं.

आणि गोदाम विरघळलं. गोधड्यांच्या भिंती गेल्या, पत्रे गेले, आठही दिशांनी हिरवं मोकळं शेत उभं राहिलं. बायांची एक ओळ वाकून मागं मागं सरकत होती. चिखलाचा आवाज पायांशी आला तेव्हा कामिनी मॅडमनी, डोळे मिटल्या मिटल्या, सँडल काढून ठेवल्या. सुगतनं ते पाहिलं आणि वरातीतली घोडी त्याच्या मनात दूर दूर, ठिपक्याएवढी होत गेली.

सतरावं मिनिट लागलं. खच्‌. खच्‌. पाणी निघालं.

बाबूलालनं डोळे उघडले.

"हे पानी," तो हळूच म्हणाला, "माह्या बुडाखालून चाललं."

त्यानं बोट उचललं आणि आवाजामागं फिरवत नेलं. पाठीकडून उजवीकडे, आणखी मागं. तीस घरांच्या माना त्या बोटाबरोबर वळल्या. मॅडमचीही वळली. बोट थांबलं ते हिरालालच्या पोटावर. हिरालाल पापण्या घट्ट मिटून, साधनेला बसल्यासारखा ताठ होता. त्याच वेळी मागच्या स्पीकरमधून खोदणारा माणूस कंबर सरळ करताना "हाऽ आई वं" म्हणाला. हाय-रिझोल्यूशनमध्ये कंबरसुद्धा ओळखू येते.

"दादा!" बाबूलाल उभा राहिला. "धुरा तू फोडला? माही रोवनी आठ दिवस मांगं पडली, अन्‌ मी खेकड्याले शिव्या देत रायलो! खेकड्यानं बीळ पाडलं म्हनून!"

"मी कायले फोडीन?" हिरालाल डोळे न उघडता म्हणाला. "मशीनच खोटी बोलते. आवाज भलतीकडून आनते."

बाबूलाल सुगतकडे वळला. "सांग बापा. तुही मशीन बरोबर हाये का खोटी हाये?"

कामिनी मॅडमही सुगतकडेच पाहत होत्या. "हो, सांगा ना," त्या म्हणाल्या. "दिशा बरोबर येते की नाही? आम्हाला तेवढंच पाहायचं होतं."

सुगतनं हिशोब केला. जन्मात पहिल्यांदाच त्यानं तो दोन्ही बाजूंनी केला. मशीन खोटी म्हणावी तर खोली गेली. खरी म्हणावी तर बाप गेला. त्यानं रीनाकडे पाहिलं. रीनानं गोधडीकडे पाहिलं. पाणी अजून वाहतच होतं.

"मशीन..." तो म्हणाला. "मशीन बरोबर हाये, काका. एक वीतभर बी चुकत नाही."

हिरालालनं डोळे उघडले. त्यात राग नव्हता, निव्वळ अन्याय झालेल्या माणसाचं आश्चर्य होतं.

"अबे पन," तो ओरडला, "तू हॅलो-चेक तर म्हटलाच नाही ना! चौदा वर्षं झाले पाहून रायलो. पहिले तू हॅलो, चेक, माइक टेस्टिंग म्हनते, मंग माइक चालू होते. त्या दिवशी एक शब्द नाही बोलला. मले काय मालूम थे आयकून रायले म्हनून!"

कबुलीजबाब इतका सविस्तर होता की कोणाला काही विचारायचं उरलं नाही. बाबूलालनं हात उगारला होता. पण तो हात हवेतच राहिला, कारण खालून त्याचं पाणी अजून चाललंच होतं, निवांत, कोणाचीही बाजू न घेता. त्यानं हात खाली घेतला. मग बसला.

"लय वेळ वाह्यलं गा, दादा."

"हौ ना. मले बी वाटलं आता बुजवावं. पन आयकतच बसलो."

"आयकाले गोड हाये."

"हाये ना."

"रोज बांधीत जातो, पन हे कधी आयकलं नाही." बाबूलालनं डोळे मिटले. "पुढच्या रोवनीले पह्यलं पानी मी घेईन. तुही बांधी कोरडी रायली तरी घेईन."

"घे."

"सुगत, मांगून लाव बापा. खच्‌पासून."

कामिनी मॅडमनी सँडल घातल्या आणि एकदाच "हं" म्हणाल्या. मग दारात थांबून म्हणाल्या, "अकरा वर्षं मी डेमो पाहतेय. लोक टाळ्या वाजवतात. आवाजावरून चोर पकडलेला आजच पाहिला. खोली तुमची. सतरावं मिनिट कापू नका. आणि ज्यांनी ते काम केलं, त्यांना घेऊन या."

नोव्हेंबरात नागपूरला तीन दिवस त्या अंधाऱ्या खोलीत शहरातली माणसं रांगेनं आली, डोळे मिटून बसली आणि सतराव्या मिनिटाला त्यांचे चेहरे लहान मुलांसारखे झाले. दर खेळानंतर दिवा लागे आणि पांढऱ्या सदऱ्यातले हिरालाल मेश्राम, कंपनीच्या गाडीतून आलेले खास पाहुणे, उठून हात जोडत. लोक उभे राहून टाळ्या वाजवत. एका गृहस्थानं तर त्यांना विचारलं, "असं पाणी सोडायला किती वर्षांची तपश्चर्या लागते?" हिरालाल म्हणाले, "संधी भेटली पाह्यजे."

तेव्हा एकूण हिशोब असा: सुगतच्या वराती सुटल्या. रीनानं तीस गोधड्या धुऊन परत केल्या. हिरालालनं पुढच्या वर्षीचं पहिलं पाणी गमावलं आणि टाळ्या घेतल्या. आणि बाबूलाल तिन्ही दिवस मधल्या खुर्चीवर बसून आपलं पाणी जाताना ऐकत होता. एस.टी.चं जायचं, यायचं आणि प्रदर्शनाच्या दारावरचं, सगळी तिकिटं त्यानं स्वतःच्या पैशानं काढली होती.