तळघरातला कंट्रोलर

कॅन्सरच्या हॉस्पिटलात माणसाने जरा गप्प बसावं, एवढीच माझी अपेक्षा होती. पण तिथे रेवंडकर नावाचा एक इसम डाव्या हाताची मूठ तोंडापुढे धरून, नाकातून सूर लावून चक्क अनाउन्समेंट करायचा. "लक्ष द्या. नवीन पेशंट आलेले आहेत. नवीन पेशंटने न घाबरता पंख्याखालच्या बाकावर बसून घ्यावे." हातात माईक नाही, कुणी नेमलेलं नाही, आणि आवाज असा की घशात वाळू भरली आहे. वर प्रत्येकाच्या हातात एक केळं कोंबायचा. शेकात वजन उतरू देऊ नये म्हणे.

ते नवीन पेशंट म्हणजे आम्ही. म्हणजे माझी बायको सुनंदा, आणि तिच्या फायली धरून मी. तिच्या कानाखालची गाठ काढली होती. सर्जनने बजावलं होतं, जखम भरली की ताबडतोब शेक सुरू करा, चालढकल केलीत तर गाठ परत डोकं वर काढेल. रेडिएशनला आमच्याकडे सगळे शेकच म्हणतात. नालासोपाऱ्यातल्या आचोळ्याहून रिक्षा करून आम्ही वसईला आलो, हॉस्पिटलच्या तळघरात उतरलो, आणि डॉक्टरच्या आधी हा भेटला.

हा पूर्वी बसस्टँडवर कंट्रोलर होता. खिडकीत बसून गाड्या पुकारायचा. रिटायर झाला, पण खिडकी काही सुटली नाही. शेकाचं मशीन म्हणजे गाडी, रोजचा शेक म्हणजे फेरी, डॉक्टर म्हणजे डेपो मॅनेजर. मशीन बंद पडलं की याच्या अंगात यायचं. "तांत्रिक कारणामुळे गाडी उशिराने सुटेल, उतारूंच्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." दिलगीर हा कोण होणार? हाही आमच्यासारखाच पेशंट. स्वतःच्या नंबराच्या कितीतरी आधी येऊन बसायचा आणि नंबर झाल्यावरही हलायचा नाही.

त्या दिवशी त्याने सुनंदाला समोर बसवून सगळं ऐकवलं. "वहिनी, आज गाडी सुटणार नाही. आज फक्त रिझर्व्हेशन. आज तुमचा मास्क बनवणार, स्कॅन काढणार, मास्कवर आणि मानेवर खुणा करणार. मग डॉक्टर लोक आठ-दहा दिवस हिशेब मांडत बसतील. मग रोज फेरी, शनिवार-रविवार बंद. त्या खुणा घासून पुसल्यात तर तिकीट रद्द. चेहऱ्याला साबण नको, पावडर नको, हळद तर नकोच. मंगळसूत्र, कुड्या घरी ठेवून यायचं. आणि मुख्य सूचना, हा शेक तो शेक नव्हे."

ही शेवटची सूचना कुठून आली तेही त्याने लगेच सांगितलं. गास गावच्या एका बाईंना शेक चालू होता. शनिवार-रविवारी मशीन बंद म्हणून खाडा नको, असा विचार करून त्यांच्या सुनेने घरी गरम पाण्याची पिशवी घेऊन सासूबाईंना मनोभावे शेक दिला. सोमवारी बाई आल्या त्या फोड घेऊनच. तेव्हापासून रेवंडकर येणाऱ्या-जाणाऱ्याला हे ऐकवतो. "मशीनचा शेक गरम लागत नाही, दुखत नाही, दिसत नाही. एक्सरे काढताना कळतं का काही? तसंच." मी म्हटलं, "हे डॉक्टर सांगतील ना?" तर म्हणे, "सांगतील. पण ते एकदाच सांगतात, आणि तेव्हा पेशंटचं लक्ष नसतं." आगाऊपणाला काही सीमा असते की नाही?

मास्कच्या खोलीतून सुनंदा बाहेर आली ती पांढरीफटक. प्लास्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर दाबतात, गार होऊन घट्ट होईपर्यंत हलायचं नाही. शेकाच्या वेळी तीच जाळी चेहऱ्यावर चढवून टेबलाला खटक्यांनी अडकवतात. सुनंदाला साधी लिफ्ट सोसत नाही. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो आणि ती अजून जिन्याने चढते.

प्रत्यक्ष शेकाच्या पहिल्या दिवशी व्हायचं तेच झालं. प्राची म्हणून तिथली टेक्निशियन मुलगी, गुणी पोर, तिने नीट समजावलं. काकी, आम्ही सगळे बाहेर थांबणार, दार बंद होणार, पण कॅमेऱ्यात तुम्ही दिसता, माईकवर आमचं ऐकू येतं, काही वाटलं तर हात वर करा. सुनंदाने तो जाड दरवाजा पाहिला आणि मागे फिरली. "मला नाही जमणार. गाठ आली तर आली." मी समजावलं, मग चिडलो, मग हात जोडले. ती बाकावर भिंतीकडे तोंड करून बसली.

आणि त्यात रेवंडकर मध्ये आला. सुनंदाला काही बोलला नाही, थेट प्राचीकडे गेला. "मला माईकवर बसव." प्राची म्हणाली, "काका, असं चालत नाही." हा डेपो मॅनेजरकडे, म्हणजे डॉक्टरांकडे गेला. डॉक्टरांनी सुनंदाकडे एक नजर टाकली आणि म्हणाले, "बसू दे त्यांना, पण कशाला हात लावायचा नाही." रेवंडकर बाकापाशी येऊन म्हणाला, "वहिनी, तुम्ही आत एकट्या नसणार. मी सोबत करतो. नालासोपारा ते वसई, एवढंच अंतर."

ती उठली कशी, देव जाणे. दार बंद झालं. माईकसमोर बसताच या माणसाने शर्टाची कॉलर नीट केली. "लक्ष द्या. नालासोपाऱ्याहून गासमार्गे वसईला जाणारी गाडी सुटत आहे. डाव्या बाजूने घरघर ऐकू येईल, ते मशीन फिरतंय, दुर्लक्ष करावे. गाडी गासला पोचली. दोन्ही बाजूंना भाजीचे मळे आहेत, पण मान वळवून बघू नये. गाडी पापडीला आली. पापडी म्हणजे जवळजवळ आलंच. एक म्हातारी चढते आहे, तिच्या टोपलीत केळी आहेत, तिला जरा वेळ द्या." एवढा फालतूपणा मी जन्मात ऐकला नव्हता. स्क्रीनवर सुनंदाचे हात दिसत होते. घट्ट मुठी होत्या, त्या पापडीच्या आसपास सुटल्या.

बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "पापडी आली की संपत आलं, हे कळतं हो." बत्तीस वर्षं संसार केला, बाईने माझं एक ऐकलं नाही, आणि याच्या टोपलीवाल्या म्हातारीवर विश्वास. त्यानंतर रोज तेच. रेवंडकर आला का, हे पाहिल्याशिवाय ती कपडे बदलायला जायची नाही. मला मेलं खोटं हसून त्याला नमस्कार करावा लागायचा.

मग त्याचा आवाज बसू लागला. आधी मला बरंच वाटलं. एके दिवशी पापडीच्या अलीकडेच त्याची हवा फुसकन निघाली आणि राहिलेला रस्ता प्राचीने कसाबसा ओढला. सुनंदा बाहेर आली तेव्हा प्राची त्याला फाडून खात होती. "काका, डॉक्टरांनी काय सांगितलंय? घशाच्या गाठीवर शेक चालू असताना आवाजाला पूर्ण विश्रांती. जपला तर परत येईल. आणि तुम्ही दिवसभर इथे बोंबलता."

घशाची गाठ. इतके दिवस त्या आवाजाची मी टिंगल करत होतो आणि याला शेक कशाचा चालू आहे हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. मला उलट रेवंडकरचाच राग आला. म्हटलं, "तुम्हाला अक्कल आहे का? आवाज वाचवायचा असतो एवढं कळत नाही?"

तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "घरी गेल्यावर वाचतोच की. बायको गेल्यापासून घरी बोलायला आहे कोण? इथे खर्च करतो तेवढाच."

सुनंदाने ओढणीने चेहऱ्यावरचे जाळीचे वळ झाकले आणि त्याच्यासमोर उभी राहिली. "भाऊ, नीट ऐका. उद्यापासून तुम्ही एक जरी शब्द बोललात ना, तर मी आत जाणार नाही. गाठ आली तर आली. तुमच्या डोक्यावर पाप."

दुसऱ्या दिवशी ती एकटी आत गेली. मुठी शेवटपर्यंत आवळलेल्या होत्या, पण हात वर केला नाही. रेवंडकर स्क्रीनसमोर तोंडावर हात दाबून उभा होता. मशीन थांबलं तेव्हा त्याला घाम फुटला होता.

आता सुनंदाचा हुकूम असा की त्याने रोज संध्याकाळी आमच्याकडे यायचं. ती त्याला मऊ वरणभात कालवून देते. त्याने बोलायचं नाही, मी बोलायचं. जन्मभर विमा कंपनीत फायली हलवलेल्या माणसाकडे बोलायला असणार काय? मी थांबलो की हा हाताने खूण करतो, चालू द्या. विषय संपले की मी त्यालाच झोडपायला घेतो. आगाऊ माणूस, मूर्ख माणूस, घसा फाडून घेतलास, कुणी सांगितलं होतं? तेव्हा तो खुर्ची जवळ ओढतो आणि डोळे मिटून ऐकतो.

काल जेवणं झाली, भांडी झाली, तरी उठेना. मी म्हटलं, "रेवंडकर, जा आता घरी." तो उठला, चपला घातल्या, आणि दारातच उभा राहिला. मग मी त्याला परत बसवला आणि शिव्या पहिल्यापासून सुरू केल्या.