गळेमास्तर आणि इंचभर मीठ

सकाळी गळेमास्तर मशीनला तेल देत होते, तेवढ्यात बँकेतले कॅशियर दुकानात शिरले आणि त्यांनी नवाकोरा शर्ट मशीनवरच ठेवला.

"मास्तर, वरचं बटण लावलं की डोळे बाहेर येतात."

"तुमचा गळा पंधरा," मान वर न करता गळेमास्तर म्हणाले. "कॉलर पंधराचीच लावलीय."

"मग तसं माझ्या गळ्याला सांगा."

शर्ट शिवणाऱ्या या टेलरला गळेमास्तर हे नाव उगाच पडलं नव्हतं. ते लोकांचे चेहरे विसरत, नावांच्या तर वाटेलाच जात नसत. पण एकदा मोजलेला गळा जन्मात विसरत नसत. शर्टाचे बाकीचे भाग ते पुठ्ठ्याच्या नमुन्यांवरून कापत आणि कॉलर तेवढी टेपनं मोजून, डोक्यात बसलेल्या मापाची काढत. जुन्या गिऱ्हाइकाचा गळा पुन्हा मोजणं म्हणजे त्यांना स्वतःवरच अविश्वास दाखवल्यासारखं वाटे.

पण तक्रार घेऊन येणारे कॅशियर काही पहिले नव्हते. सुताराचा गळा आवळत होता, ग्रंथपालांचा आवळत होता. चमत्कार म्हणजे नव्या गिऱ्हाइकांच्या कॉलरी मात्र मोजूनमापून शिवल्यासारख्या बसत होत्या, कारण त्या तशाच शिवल्या होत्या. शेवटी गळेमास्तरांनी जड मनानं खांद्यावरचा टेप काढला आणि कॅशियरांच्या गळ्याभोवती धरला. सोळा.

"वाढलाय," ते पुटपुटले.

"गळा? माणसाचं पोट वाढतं हो. गळा कसा वाढेल?"

याचं उत्तर त्यांना त्याच दिवशी मिळालं. डॉक्टरीणबाईंचा पांढरा कोट पोचवायला ते दवाखान्यात गेले आणि बाकावर बसल्या बसल्या समोरचा तक्ता वाचू लागले. 'आहारात आयोडीन कमी पडलं तर गळ्यातली थायरॉइड ग्रंथी सुजू शकते. आयोडीनयुक्त मीठ वापरा.' शेजारच्या चित्रातल्या बाईचा सुजलेला गळा पाहून गळेमास्तरांनी स्वतःचा गळा चाचपला.

त्याला कारणही तसंच होतं. काही महिन्यांपूर्वी त्यांनी घरातलं पुड्यातलं मीठ काढून टाकलं होतं आणि जाड्या खड्यांच्या मिठाची भलीमोठी बरणी आणली होती. बरणीवर लिहिलं होतं, 'यात काहीही मिसळलेलं नाही.' हे वाचून ते इतके खूश झाले, की त्यांनी त्या मिठाचा प्रचारच सुरू केला. जुन्या गिऱ्हाइकांना शर्टाबरोबर मिठाची पुडीही मिळू लागली. नव्या गिऱ्हाइकांशी अजून तेवढी ओळख झाली नव्हती, म्हणून ती बिचारी वाचली होती. हिशेब अगदी चोख जुळत होता. ज्यांनी मीठ खाल्लं त्यांचेच गळे सुजले होते, आणि त्यांना सुजवणारा माणूस दवाखान्याच्या बाकावर हातात कोट घेऊन बसला होता.

ते तसेच घरी आले. बायको दुपारची पडली होती. हल्ली ती दमते म्हणायची आणि ते "वयाप्रमाणे होतं" म्हणून विषय संपवायचे. श्वास रोखून त्यांनी तिच्या मानेखालून टेप सरकवला. लग्नापासून तिचा गळा तेरा. टेप चौदा सांगत होता.

"अहो, काय चाललंय?" डोळे न उघडता तिनं विचारलं. "ब्लाउज शिवताय की गळा दाबताय?"

"काही नाही. तू झोप," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. जगात इतके गळे होते, पण त्यांना हा एक गळा सगळ्यांत जास्त प्रिय होता, आणि त्याचंच त्यांनी वाटोळं केलं होतं.

संध्याकाळी बरणी गेली आणि आयोडीनयुक्त मिठाचे पुडे आले. नुसते पुडे आणून थांबतील तर ते गळेमास्तर कसले? राहिलेली कसर लवकर भरून काढायची म्हणून भाजीत दुप्पट मीठ पडू लागलं. आरोग्यवस्तूंच्या दुकानातून समुद्री शेवाळाच्या गोळ्या आल्या. बायकोनं त्यांना हात लावला नाही, तेव्हा तिच्या वाटणीच्याही गोळ्या ते स्वतःच घेऊ लागले. जुन्या गिऱ्हाइकांना बोलावून बोलावून त्यांनी सांगितलं, "माझं चुकलं. ते मीठ फेकून द्या, हे पुड्यातलं खा, आणि डॉक्टरीणबाईंना गळा दाखवून या."

आठवडाभरात डॉक्टरीणबाईंकडे गळा चाचपत येणाऱ्यांची रीघ लागली. इकडे गळेमास्तरांची छाती धडधडू लागली, आणि बायकोनं त्यांना हाताला धरून दवाखान्यात नेलं.

"तुम्हीच का ते?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सकाळपासून मी निरोगी गळे तपासतेय. कुणी पाठवलं म्हटलं की सगळे तुमचं नाव सांगतात."

"माझं राहू दे. आधी हिचा गळा बघा. इंचभर सुजलाय. माझ्या हट्टापायी."

डॉक्टरीणबाईंनी तिला पाणी प्यायला लावलं, गळा नीट चाचपला. "सूज बिलकूल नाही. दमताय म्हणता, तर रक्त तपासू. पण इंचभर सूज आली असती तर ती लांबूनही दिसली असती."

"मी मोजलंय," गळेमास्तर दुखावून म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी खणातून बाळांची डोकी मोजायचा टेप काढला आणि गळा मोजला. "तेरा."

गळेमास्तरांनी आपला टेप लावला. चौदा. मग त्यांनी दोन्ही टेप टेबलावर शेजारी शेजारी पसरले. आपल्या टेपच्या पितळी पट्टीनंतर पहिला आकडा एक असायला हवा, तो दोन होता.

"अय्या, ते होय," बायको म्हणाली. "टेपचं टोक उंदरांनी पार कुरतडलं होतं. तुम्ही झोपला होतात, म्हणून मी सरळ कापलं आणि पट्टी परत ठोकून दिली. महिना झाला की."

"मला सांगायचं नाहीस?"

"मीठ बदललंत तेव्हा मला विचारलं होतंत?"

गळेमास्तर बोटांवर हिशेब करू लागले. महिनाभर ते चौदाची कॉलर कापत होते आणि तिला पंधरा म्हणत होते. ज्याला मोजून शिवलं त्याला ती बसत होती, ज्याला आठवणीनं शिवलं त्याचा गळा आवळत होता. एरवी त्यांना लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. पण त्या क्षणी बायकोचा गळा तेराच आहे, यापलीकडे त्यांना काही सुचत नव्हतं. ते तसं बोललेही, डॉक्टरीणबाईंच्या देखत. बायकोनं पदर सारखा केला आणि खिडकीकडे पाहिलं.

"आता ऐका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्या गोळ्या आजपासून बंद. आयोडीन कमी पडलं तर वाईट, तसं जास्त झालं तरी ती ग्रंथी बिथरते. धडधड थांबली नाही तर परत या. पुड्यातलं साधं मीठ बेताचं खायचं, झाकण लावून ठेवायचं. विशेषतः पोटुशा बायका आणि मुलं असतील त्या घरी ते हवंच."

"म्हणजे आधी खात होतो तेच," बायको म्हणाली.

रक्ताचा अहवाल चांगला आला. तिच्या दमण्यावर डॉक्टरीणबाईंनी थोडी विश्रांती आणि कामाला नवऱ्याचा हातभार लिहून दिला, आणि गळेमास्तर भांडी विसळू लागले. नव्या टेपनं त्यांनी सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांच्या कॉलरी बदलल्या. कॅशियर शर्ट न्यायला आले, तेव्हा बायको दुकानात काजं करत बसली होती. कॅशियरांनी वरचं बटण लावलं आणि मान डावीउजवीकडे फिरवली.

"वा! किती माप?"

"पंधरा. पहिल्यासारखंच."

"म्हणजे गळा उतरला!" कॅशियर उजळले. "हे पुड्यातलं मीठ भलतंच गुणी दिसतंय."

"तसं नाही हो," गळेमास्तर कळवळून म्हणाले. "माझाच टेप चुकीचा होता."

कॅशियर मनापासून हसले. "तुमचा टेप? आणि चुकीचा? सुतारालाही हेच सांगितलंत म्हणे. मोठेपणा आहे तुमचा. त्यानं तर सगळ्या सासुरवाडीला पुड्यातलं मीठ चालू करायला लावलंय."

गळेमास्तरांनी हा घोटाळा डॉक्टरीणबाईंना जाऊन सांगितला होता. त्या म्हणाल्या होत्या, "माझा तक्ता कित्येक वर्षं भिंतीवर आहे. कुणी वाचला नाही. तुम्ही खरं सांगून पाहिलंत ना? मग आता शर्ट शिवा."

ते आठवून गळेमास्तरांनी कॅशियरांनी उतरवलेल्या शर्टाची घडी घातली. कॅशियर दारापर्यंत गेले, घुटमळले आणि परत आले.

"मास्तर, एक विचारू का?" ते आवाज खाली आणून म्हणाले. "पँट हल्ली फार आवळते. कमरेसाठी असं एखादं मीठ मिळतं का?"

गळेमास्तरांनी बायकोकडे पाहिलं.

"मिळतं की," काजावरची नजर न काढता ती म्हणाली. "हेच मीठ. फक्त जेवणासकट थोडं कमी घ्यायचं."